सगळ्यांना मनाई

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, काही उघडं बघवत नसे. डब्याचं झाकण, खिडकी, सुनेचं तोंड, सगळं बंद हवं. सरकारी रेकॉर्ड रूममध्ये जन्म घालवलेला. रिटायर होऊन हिंगोलीच्या घरी बसले आणि घराचीच रेकॉर्ड रूम केली. "दप्तराला हात लावायचा न्हाई. आधी इचारायचं," हे दिवसातून दहादा.

घरात कम्प्युटर आला, तर त्यालाही कुलूप. मुख्य खातं त्यांचं, पासवर्ड त्यांचा. कोणतं फोल्डर कोणी उघडायचं, हे ते चष्मा नाकावर ओढून ठरवत. माणूस मोठा शिस्तीचा होता, असं लोक म्हणतात. म्हणू देत. लोकांना त्या घरात सून म्हणून राहायचं नव्हतं.

जवळा बाजारच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. नमुना पाठ संध्याकाळी पाचपर्यंत मेल करायचा होता. महिनाभर दुपारची झोप मोडून मी तो टाईप केला होता. चार वाजता घरच्या फोटोंसोबत तो ठेवला होता ते फोल्डर उघडायला गेले, तर पडद्यावर उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही.

"मामा, हे काहून बंद केलं?"

"बंदोबस्त केला. फोटो इकडचे तिकडं करून राहिले सगळे."

ऐटीत त्यांनी आपल्या खात्यातून तेच फोल्डर दाबलं. त्यांनाही तेच उत्तर! मी त्यांना सिक्युरिटीचं पान उघडायला लावलं. तिथं 'एव्हरीवन' या नावापुढं ओळीनं मनाईच्या खुणा.

"मामा, सगळ्यांना मनाई केली की तुमालाबी होते. खुणा काढा, झालं."

"मला कशी व्हईल? सगळे म्हणजे तुमी. मी त्यात कसा येतो?"

"मग उघडून काहून न्हाई राहिलं?"

"तूच कायतरी बिघडवलं. शिकलेल्या बायांची हीच तकलीफ!"

त्यांनी कम्प्युटर बंद केला आणि वायर काढून कपाटात ठेवली. नवरा पेपरात तोंड खुपसून बसलेला. बापापुढं त्याला कधी वाचा फुटली होती? पाच वाजले, जागा गेली. "अशा नोकऱ्या पायलीला पन्नास," चहा फुंकत मामा म्हणाले.

वायर पुढं परत लागली, पण ते फोल्डर कोणीच उघडलं नाही. दुरुस्त करायचं तर आधी चूक कबूल करावी लागली असती. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांचे सगळे फोटो त्यातच होते. मामा अधूनमधून फोल्डर दाबून पाहत, आणि तेच उत्तर वाचून गुमान उठत. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

यंदा मामा गेले. तेराव्याला हार घालायला त्यांचा धड फोटो हवा होता, तोही त्याच फोल्डरमध्ये. पासवर्ड त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडला, खाली तारीख आणि सही.

"तूच बघ ना जरा," नवरा म्हणाला. "तुला येतं."

बसले. सिक्युरिटीचं पान उघडलं, खुणा काढल्या. फोल्डर उघडलं. सासूबाई होत्या, मामा होते, आणि खाली माझा नमुना पाठ.

"एवढंच होतं?" नवऱ्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "त्या दिवशीही एवढंच होतं."