कंपाइलची ऊब

काल नव्या लॅपटॉपवर डेटाबेस इन्स्टॉल केला. मिनिटभरात झाला. सवयीने कीबोर्डशेजारी तळहात टेकवला, तर गार.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात आई आमच्याकडे परदेशात, श्रूजबरीला आली होती. हाच डेटाबेस तेव्हा मी सोर्स कोड डाउनलोड करून स्वतः कंपाइल करत होतो, म्हणजे त्या कोडपासून चालणारा प्रोग्राम लॅपटॉपकडून तयार करून घेत होतो. तासभर स्क्रीनवरून ओळी सरकत राहायच्या, आतला पंखा घरघरायचा आणि लॅपटॉप चांगलाच तापायचा. बाहेर गुडघाभर बर्फ. घरात हीटिंग असूनही संधिवाताने आईची बोटं आखडायची. एका दुपारी मेथी निवडता निवडता ती उठली आणि दोन्ही हात तिने अलगद लॅपटॉपवर ठेवले.

"बरं वाटतं रे," म्हणाली.

मग रोज दुपारी ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायची. अगदी शेवटाला येऊन कंपाइल फेल झालं की मी वैतागायचो. ती म्हणायची, "असू दे, परत लाव." मला वाटायचं, धीर देतेय.

ती परत जायच्या आदल्या दिवशी सकाळी ते एकदाचं पूर्ण झालं. दुपारी आई हात चोळत आली.

"आज नाही लावलंस?"

"झालं की ते काम, आई," मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो.

"हो का? बरं झालं," म्हणत तिने हात शालीत घेतले.

पुढचा हिवाळा तिने पाहिला नाही. त्या दुपारी झालेलं सगळं पुसून पुन्हा कंपाइल लावायला मला फक्त एक ओळ टाइप करावी लागली असती.