ट्रेलरच्या शेपटावरची जागा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ती ट्रेलरखाली उताणी पडून बिजागरीला ग्रीस भरत होती. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ. डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केली होती; उताणं पडण्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

नवऱ्याचा धंदा यंत्रं पोचवण्याचा. बांधकामावर लागणारे छोटे रोलर, काँक्रीटचे मिक्सर इकडून उचलायचे, तिकडे उतरवायचे. पिकअपच्या मागे जोडलेल्या ट्रेलरचा प्लॅटफॉर्म मधल्या बिजागरीवर तराजूच्या दांडीसारखा कलतो. पुढची पिन काढायची, मागच्या टोकावर वजन द्यायचं, की शेपूट जमिनीला टेकतं आणि यंत्र उतारावरून खाली येतं. हे वजन म्हणजे ती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा म्हणाला होता, जरा मागे उभी राहा. त्यानंतर पोरी मोठ्या होऊन सासरी गेल्या, पण ती काही त्या शेपटावरून उतरली नाही.

साइटवरचे मुकादम तिला पासंगबाई म्हणत. दांडी सरळ यावी म्हणून तराजूच्या हलक्या बाजूला बारकं वजन अडकवतात, तो पासंग. एवढ्याशा बाईनं एवढं लोखंड कलतं कसं, असं नवखे विचारत. ती एका जागी कधीच उभी राहत नसे. नवरा यंत्र वीतभर मागे घेई, ती पाऊलभर सरके, आणि प्लॅटफॉर्म आपटायच्या ऐवजी अलगद बसे. दोघं त्या वेळी एकमेकांशी बोलत नसत. घरातही फारसं बोलत नसत, पण तिथं ते खटके.

काही महिन्यांपूर्वी नवऱ्याचा पाय क्लचवरून निसटला. रोलर एकदम मागे आला, शेपूट धाडकन खाली गेलं आणि तिच्या गुडघ्यात कट्कन वाजलं. पुन्हा असा धक्का बसला तर चालणं कायमचं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. नवरा दुसऱ्याच दिवशी तिच्या धाकट्या भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला. ट्रेलरला हायड्रॉलिक जॅक बसवायचा. बटण दाबलं की बॅटरीवर पंप चालेल, जॅक पुढची बाजू उचलेल. माणूस लागणार नाही.

सगळे म्हणाले, सुटलीस. शेजारीण म्हणाली, नशीब काढलंस, आमचे हे साधी पिशवी उचलत नाहीत. सुटलेल्या माणसानं जसं हसावं तसं ती हसली. गुडघा बरा होईपर्यंत ती घरातच होती; नवरा तोवर मिळेल तो माणूस रोजावर घेऊन जाई. सगळं आवरून दुपार झाली असेल म्हणून घड्याळाकडे बघावं, तर सव्वाअकरा झालेले असत. तिला परत जायचं होतं. शेपटावर नाही तर नाही, गाडीत नवऱ्याशेजारच्या सीटवर तरी. एकदा तिनं तसं सुचवूनही पाहिलं. नवरा म्हणाला, उन्हातान्हात कशाला, आता बटण आहे. त्यात तिळमात्र कपट नव्हतं, आणि म्हणूनच पुढे काही बोलायला जागा नव्हती.

ग्रीसच्या त्या सकाळच्या आदल्या दिवशी दुकानाच्या अंगणात चाचणी झाली होती. प्लॅटफॉर्मवर एक मिक्सर चढवला. भावानं बटण दाबलं, पंप घुरघुरला, पुढची बाजू डौलात वर गेली. भाऊ म्हणाला, “बघा दाजी, लोण्यातून सुरी.”

ग्रीस भरून झाल्यावर सात वाजता नवरा पहिल्यांदाच एकटा निघाला. ती फाटकाशी उभी राहिली. पिकअप वळणापलीकडे गेली तरी ट्रेलरच्या साखळीचा खळखळाट थोडा वेळ येत राहिला.

तो परतला तेव्हा दुपार कलली होती आणि तोंड उतरलं होतं. साइटवर बटण दाबलं तर पंप नुसता कण्हत राहिला. प्लॅटफॉर्म हलेना, त्याच्या खालचा आडवा लोखंडी चॅनल मात्र वाकायला लागला. पूर्वीसारखी पिन काढून शेपटाला वजन देऊ म्हटलं, तर आता मध्ये जॅक, तो सुखासुखी कलू देईना. शेवटी वॉचमन आणि एक गवंडी अशा दोघांना मागे उभं केलं, त्यांनी उड्या मारल्या, तेव्हा कुठे जॅकनं मनावर घेतलं. सगळी साइट हसत होती. मुकादमानं विचारलं म्हणे, पासंगबाई कुठे आहेत?

हे ऐकून तिला बरं वाटलं. तेवढ्यासाठी तिनं नंतर स्वतःला दोन शिव्याही दिल्या.

संध्याकाळी भाऊ आला. पंपच कमजोर आहे, दुकानदारानं गंडवलं, असं त्यानं जाहीर केलं. नवरा म्हणाला, काढून टाक सगळं. होतं ते बरं होतं. मागे उभं राहायला एखादा माणूस बघू. मग त्यानं तिच्या गुडघ्याकडे बघितलं.

भांडी विसळता विसळता तिच्या हाताला ते आधी कळलं, डोक्याला नंतर. आदल्या दिवशी चाचणीच्या वेळी ती कुठे होती? शेपटावर. कुणी सांगितलं नव्हतं. पिन निघाल्याचा आवाज झाला आणि पाय आपोआप चढले होते. भावानं तिच्याकडे पाहिलं नाही, नवऱ्यानंही नाही. ती तिथं नसती तर कदाचित दोघांना चुकल्यासारखं वाटलं असतं. जॅक फार आडवा बसवला होता. सुरुवातीला तो वर रेटण्याऐवजी पुढेच रेटत होता. प्लॅटफॉर्म पहिल्यांदा वीतभर तिच्या वजनानं उचलला गेला, आणि एकदा कोन मिळाल्यावर पुढचं पंपानं केलं.

गप्प राहणं सोपं होतं. पंप बदलला तरी उचलणार नव्हता, मग जॅक निघाला असता. आणि माणूस? अशा कामाला माणूस टिकत नाही, हे तिला माहीत होतं. दहा-पंधरा दिवसांत ती परत सीटवर असती. आणि मग शेपटावर.

तिच्या डोळ्यांपुढे तो वाकलेला चॅनल आला. नवा पंप लावून बघतील तेव्हाही तो वाकतच जाणार होता, आणि यंत्रावर बसलेला असणार होता तिचा नवरा. तिनं हात पुसले.

“पंप चांगला आहे,” ती म्हणाली. “काल मी मागे उभी होते.”

भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिला. “ताई, तू कशाला चढलीस?”

ती विसळलेली भांडी पालथी घालू लागली.

दुसऱ्या दिवशी भावानं जॅकचं ब्रॅकेट कापून खाली आणि पुढे घेतलं, जॅक उभा केला, चॅनलला जाड पट्टी मारली. या वेळी प्लॅटफॉर्मवर रोलर होता. ती दुकानाच्या भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी राहिली. पिनचा आवाज आला तेव्हा तिची टाच उचलली गेली. तिनं ती परत टेकवली. पंप घुरघुरला. प्लॅटफॉर्म वर गेला, शेपूट टेकलं, रोलर उतरला. कुणी टाळी वाजवली नाही. नवऱ्यानं मात्र मान वळवून शेपटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

एक गोष्ट उरली होती. आदल्या दिवशीच्या कण्हण्यानं बॅटरी पार बसली होती. मोठी हवी होती आणि ट्रेलरवर जागा नव्हती. भावानं पिकअपमधली ड्रायव्हरशेजारची सीट काढली आणि तिथं बॅटरीची लोखंडी पेटी बोल्टनं पक्की केली.

“मग मी कुठं बसायचं?” तिनं विचारलं.

“घरी, ताई,” भाऊ हसून म्हणाला. “आराम कर की आता.”

नवरा हसला नाही. त्यानं सीट झटकली, घरी आणली, बाहेरच्या खिडकीखाली विटांवर नीट बसवली आणि हलत नाही ना हे दाबून बघितलं. तिथून फाटक दिसतं. गुडघ्याला ही उंची बरी पडेल, एवढंच म्हणाला.

उद्या सकाळी सहाला ग्रीस. सातला गाडी निघेल, दोन रोलर पोचवायचे आहेत, गाडीत माणूस एक.