पडद्यावर रडलेली बाई

टॉवेल त्यानं मुद्दाम झटकून उघडला. उजव्या हातावर टाकला आणि तो हात माझ्यापुढं धरला. उंब्रजजवळचा जनावरांचा बाजार. सकाळी दहाची वेळ. माझ्या म्हशीभोवती सात-आठ गिऱ्हाईकं उभी होती. हा एका बागायतदाराचा मुलगा, पंचविशीतला. त्याच्या बापानं माझ्याकडून दोन म्हशी नेल्या होत्या.

"घाला की हात, मावशी. आता कशाला लाजताय? सिनेमात तर घातलाय."

मागून एक जण म्हणाला, "आरं, हळू धर गड्या. रडंल ती."

सगळे हसले. त्यात माझ्या ओळखीचे दलाल होते. माझ्या हातचा चहा प्यायलेला कोणी नव्हता, पण माझ्या शब्दावर व्यवहार केलेले होते. तेही हसले.

मी म्हशीचं दावं सोडलं आणि सरळ घराकडं चालू लागले. नऊ वर्षांत पहिल्यांदा न विकता परतले.

आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, सोडतात. किती बोटं धरली त्यावरून आकडा. बघणाऱ्याला काही कळत नाही. हा पुरुषांचा रिवाज. मी मात्र नऊ वर्षं त्याच बाजारात भाव मोठ्यानं बोलत होते आणि समोरच्यालाही बोलायला लावत होते. माझ्या म्हशीपाशी टॉवेल काढायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. का, तेही ठाऊक होतं. ते मोडायला एका सिनेमाला तीन महिने पुरले.

मी मांगवाड्यातली. नवरा गेला तेव्हा दावणीला एक म्हैस होती. दूध चांगलं द्यायची. पण आमच्या घरचं दूध गावात कोण घेणार? म्हशीला जात लागत नाही, दुधाला लागते. म्हणून मी म्हैसच विकली. दुसरी आणली, तीही विकली. कासेवर हात फिरवून, दात बघून, चाल बघून मला जनावर कळायला लागलं. गावागावांतून घ्यायची, महिनाभर पोसायची, बाजारात उभी करायची. बाजारात बाई मी एकटीच.

पहिल्याच वर्षी एका मोठ्या व्यापाऱ्यानं माझ्यापुढं टॉवेल धरला. रिवाज आहे म्हणून मी हात घातला. त्यानं भाव केलाच नाही. माझा तळवा धरला. अंगठ्यानं कुरवाळत राहिला. तोंडानं मात्र म्हशीच्या शिंगांबद्दल बोलत होता, चारचौघांना ऐकू जाईल असं. हाच माणूस सकाळी पाण्याच्या टाकीपाशी मला म्हणाला होता, "तिकडं सरक, घागर लागंल." उघड्यावर ज्या हाताचा विटाळ होत होता, तो हात टॉवेलाखाली चालत होता.

मी डाव्या हातानं टॉवेल ओढला आणि धुळीत फेकला. त्याचा हात माझ्या हातावर तसाच. सगळ्या बाजारानं बघितला. मी म्हटलं, "ह्यो कुठला आकडा हाय, सांगा की समद्यास्नी."

त्यानं हात झटकला, शिवी दिली आणि निघून गेला. मी रडले नाही. त्या दिवसापासून माझा भाव उघडा.

माझ्या आयुष्यात मी स्वतः कमावलेली एवढी एकच गोष्ट. जमीन नाही, घर नीट नाही. पण हे होतं.

मग ते पुण्याहून आले. दिग्दर्शक आणि नटी. त्या दिवसांत छोट्या सिनेमांचं वारं सुटलं होतं. मोठे नट नकोत, नाचगाणी नकोत, खरी माणसं, खरी गावं दाखवायची. मित्रांकडून पैसे गोळा करून सिनेमा काढायचा. दिग्दर्शक खांद्याला पिशवी लावून हिंडायचा. मी त्याला साहेब म्हणायची, तो मला मावशी. तो म्हणाला, "मावशी, आम्हाला खोटं काही करायचं नाही. म्हणून तर तुमच्याकडं आलोय."

नटी माझ्या घरात तीन आठवडे राहिली. माझ्या ताटात जेवली. शेण काढलं. डोक्यावर भारा घेऊन चालायला शिकली. माझं बोलणं टेपवर घेतलं आणि रात्रंदिवस घोकलं. बोटांची भाषा मीच तिला शिकवली, तिच्या हाताला हात लावून. माझ्या घरात बाहेरचं इतक्या मोकळेपणानं कोणी बसलं नव्हतं. मी भुलले. एका दुपारी गोठ्यात बसून टॉवेलाची गोष्ट तिला सांगितली. आधी कुणाला स्वतःहून सांगितली नव्हती. बाजारानं बघितली होती तेवढीच. आत काय झालं, ते तिला सांगितलं. ती माझा हात धरून म्हणाली, "मावशी, हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे."

मी म्हटलं, "जाऊ दे की मग. पर हाय तसं."

"अगदी तसंच," ती म्हणाली.

दात बघितल्याशिवाय मी म्हशीला हात लावत नाही. या दोघांच्या बाबतीत नुसत्या शब्दावर राहिले. आमच्या धंद्यात शब्द चालतो. मला वाटलं, त्यांच्याही चालत असेल.

वर्षानं पेपरात फोटो आला. राज्याच्या पुरस्कारांत सिनेमा पहिला, नटीला उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान. खाली लिहिलं होतं, ग्रामीण स्त्रीच्या मूक वेदनेचा हृदयस्पर्शी आविष्कार. माझी पुतणी वाचून दाखवत होती. मी विचारलं, "मूक म्हंजे?"

"मुकी, काकी. न बोलणारी."

मला वाटलं, पेपरवाल्यांची चूक असेल.

पुढं गावात शाळेच्या पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवला. माझ्या शेजारी माझी जाऊ बसली होती. पडद्यावर माझीच चाल, माझंच बोलणं, पदर खोचायची माझीच तऱ्हा. बाई मात्र पाटलाच्या घरची विधवा. वाडा, तुळशीवृंदावन. मांगवाडा कुठंच नाही. दुधाची गोष्ट नाही. मग तो बाजार आला. टॉवेलाखाली हात धरला गेला. मी बसल्या जागी ताठ झाले. आता ओढंल, आता ओढंल. बाईनं ओढला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कॅमेरा तिच्या तोंडावर किती वेळ थांबला होता. मग तिनं मान खाली घातली आणि त्या माणसाच्या हातात दावं दिलं. संपलं. पटांगणात बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

शेवटी नावं आली. आभार मानलेल्यांत लिहिलं होतं, परिसरातील ग्रामस्थ. ती मी.

घरी येताना जाऊ म्हणाली, "तू रडली व्हतीस व्हय गं? मला कवा बोलली न्हाईस."

"न्हाई रडले."

"आगं, त्यात काय लाजायचं? बाईमाणूस रडणारच."

ज्या जावेनं नऊ वर्षं मला हट्टी, तोंडाळ म्हणून शिव्या घातल्या, तिला एका संध्याकाळीत माझी कीव यायला लागली. माझ्यापेक्षा पडदा तिला खरा वाटला. बाजारातही तेच झालं. मी जे केलं ते बघणारे कमी होत चालले होते. सिनेमा बघणारे वाढत होते.

बागायतदाराच्या मुलानं माझ्यापुढं टॉवेल धरला, त्यानंतर पंधरा दिवसांत साहेबांचा निरोप आला. सांगलीत सत्कार आहे, मावशींनी यायचंच. गाडी पाठवतो. मी एस.टी.नं गेले.

नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत दोघं बसली होती. नटीनं मला मिठी मारली. साहेब म्हणाले, "मावशी, स्टेजवर दोनच वाक्यं बोलायची. हे असंच घडलं, आणि सिनेमात मला मी दिसले. पत्रकार आलेत."

"आसं कुठं घडलं?"

"तपशील थोडे बदलतात. भावना तीच."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. गरजू गिऱ्हाईक मला कळतं. ते जनावराकडं बघत नाही, घड्याळाकडं बघतं. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं होतं.

"दिल्लीच्या पुरस्काराचा निकाल लागायचाय म्हणं," मी म्हटलं. "आन कुणीतरी पेपरात लिवलंय, ह्यो सिनेमा खोटा हाय म्हणून."

ते हसले. "तुम्ही वाचता हे?"

"पुतणी वाचती. मला ऐकू येतंय की."

"बरं. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

त्यांना वाटलं, मी आकडा बोलेन. मी म्हटलं, "तुमी सांगा आधी. ती बाई मांगवाड्यातली हुती. तिनं टॉवेल फेकला, ती रडली न्हाई. यवढं तुमी सांगा, मग मी तुमास्नी पायजे ते बोलते."

"मावशी, जात आणली की लोक तेवढ्यातच अडकतात. मला हे दुःख सगळ्या बायकांचं करायचं होतं."

"मग समद्या बायकास्नी रडवायचं कशाला?"

नटी मध्ये पडली. "मला सीन तसाच लिहून दिला होता, मावशी."

"मी बी एक दिला हुता की तुला."

ती जवळ सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू? ती रडली म्हणूनच लोक तुमच्या बाजूचे झाले."

शिवीनं लागलं नसतं इतकं ते मला लागलं. कारण ती मनापासून बोलत होती. तिनं माझ्या ताटात खाल्लं होतं. तरी तिला मी रडलेलीच हवी होती. पडद्यावर मी टॉवेल फेकला असता तर पुण्या-मुंबईचे लोक माझ्या बाजूचे झाले नसते, हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

स्टेजवर निवेदकानं मला हाक मारली, "एक कष्टकरी माउली." साहेबांना शाल, नटीला शाल, मला साडी-चोळी. साडी मी टेबलावर ठेवली आणि माईक घेतला. आधी माझं पूर्ण नाव सांगितलं. बापाचं, नवऱ्याचं, वस्तीचं. मग म्हटलं, "पडद्यावर रडली ती बाई मी न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारी विनयानं बोलतेय. मी थांबले. टाळ्या संपल्यावर बाकीचं सांगितलं. विटाळ, तळवा, अंगठा, टॉवेल, सगळं. आता टाळ्या नव्हत्या. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "इथं जातीचं राजकारण नको." निवेदकानं माईक घेतला आणि वेळेचं कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात माझं एक वाक्यही नव्हतं. फोटो होता, साडी देतानाचा.

दिल्लीचाही पुरस्कार त्यांना मिळाला. मी काही अडवू शकले नाही. जाऊ अजून म्हणते, बाईमाणूस रडणारच.

परवा कराडच्या कॉलेजातली एक मुलगी आली होती, टेप आणि वही घेऊन. चांगली होती, हसून बोलत होती. नटीही हसूनच बोलायची. तिला मी दारातच सांगितलं, मी बोलेन तसं लिही. लिहून झालं की इथंच बसून मोठ्यानं वाच. जिथं मी टॉवेल फेकला तिथं फेकला लिही. जात गाळू नकोस. एक शब्द फिरवलास तर वही इथंच ठेवून जायचं. ती म्हणाली, "मावशी, एवढं कडक कशाला?" मी तिला आत घेतलं नाही. ती गेली.

म्हणून हे मी पुतणीला समोर बसवून लिहवून घेतलंय. तिनं तीनदा वाचून दाखवलं, दोन ठिकाणी मी खोडायला लावलं. माझी गोष्ट इथून पुढं माझ्याच तोंडून निघेल. दुसऱ्या कुणी सांगितली तर ती खोटी आहे, हे मी भर सभेत उठून सांगेन, आणि जिथं ती दाखवतील तिथं जाऊन सांगेन.