आबांची नातवंडं

मी सरपंच झाले तेव्हा मला वाटलं होतं, की नळाचं पाणी, नाल्या आणि दिवाबत्ती एवढंच आपल्याला बघायचंय. पुढं ग्रामसेवकांनी सांगितलं, की गावातल्या लेकरांकडं लक्ष देणारी एक समिती असते, बाल संरक्षण समिती, आणि सरपंच म्हणून तिची अध्यक्ष मीच. अंगणवाडीत काय शिजतं, शाळेतून कोण गळालं, कुठल्या लेकराला घरी बघणारं कुणी नाही, हे सगळं आम्ही बघायचं. समितीत अंगणवाडीताई, शाळेचे मुख्याध्यापक, पोलीस पाटील आणि आणखी दोघी-तिघी बायका.

आमचं गाव सास्तूरच्या जवळ, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. रस्ते सरळ, घरं एकसारखी. अंगणवाडी आमच्या बौद्ध वस्तीच्या तोंडाशीच होती. तपासणी कशी करतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी लेकरांच्या पंगतीत बसून खिचडी खायचे. मीठ कमी असलं की कळायचं, आणि कोणतं लेकरू नुसतं चिवडत बसलंय तेही कळायचं.

तिथंच ती पोरगी मला दिसली. सात वर्षांची असेल. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आत यायची नाही, उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसायची. आत गाणं सुरू झालं की तीही हळूच म्हणायची आणि भावाचे हात धरून टाळ्या वाजवायची. अंगणवाडीताई दोघांना वाटीत खिचडी द्यायच्या. ती आधी त्याला भरवायची आणि उरलेलं स्वतः खायची.

मी विचारलं, "तू शाळेत का जात नाहीस गं?"

"ह्याला कोण बघणार?" ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटलं असावं.

त्या दोघांची आई कावीळ होऊन गेली होती. बाप ट्रकवर होता. त्यानं तिकडंच कुठंतरी दुसरं लग्न केलं आणि गावाकडं यायचं सोडलं. लेकरं राहिली त्याच्या म्हाताऱ्या बापाजवळ. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबा चार शेळ्या राखायचे, सकाळी भाकरी थापायचे, पोरीची वेणी घालायचे. ती वेणी एका बाजूला कललेली असायची, पण रोज घातलेली असायची.

मी समितीची बैठक घेतली. मुख्याध्यापक म्हणाले, पोरीचं नाव शाळेत आहे, पण ती येत नाही. पोलीस पाटील म्हणाले, "आबाला आता नीट दिसत बी न्हाय. उद्या काय झालं तर? दोघांला बालगृहात ठिवलेलं बरं. तिथं वेळेवर जेवण हाय, शाळा हाय." माणूस वाईट नव्हता, त्यांना काळजीच होती. पण अंगणवाडीताई म्हणाल्या, "आबापासून तोडून त्या लेकरांचं काय चांगलं व्हणार?" शेवटी असं ठरलं, की जिल्ह्याला कळवायचं, तिथले अधिकारी येऊन बघतील आणि मग काय ते ठरेल.

बैठकीतली सगळी बोलणी गावात गेली नाहीत. बालगृह हा एक शब्द तेवढा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या घराला कुलूप. शेळ्या शेजाऱ्यांच्या दावणीला. शेजारीण मला म्हणाली, "सरपंचबाई लेकरं नेणार म्हणून म्हातारा गेला." तिच्या अंगणात मी उभीच राहिले. गावात मला कुणी घाबरेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आबांची लेक येडशीला दिली होती. अंगणवाडीताईंना सोबत घेतलं, काळ्या-पिवळ्या जीपनं लोहारा गाठलं आणि तिथून एसटी बदलत बदलत आम्ही दुपारी येडशीला पोचलो. स्टेशनच्या मागं लेकीचं घर. घर कसलं, एक खोली, तिच्यात सासू-सासरे आणि तिची स्वतःची तीन लेकरं. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि डोळे पुसत म्हणाली, "मी ठिवून घेतलं असतं ओ, पर कुठं ठिवू?" आबा लेकरांना घेऊन रामलिंगाला गेले होते, माकडं दाखवायला.

आम्हीही गेलो. देवळाकडं उतरणाऱ्या पायऱ्यांवर तिघं बसलेले दिसले. पोरीनं बिस्किटाचा पुडा फ्रॉकखाली लपवून धरला होता आणि समोर बसलेल्या माकडाकडं ती डोळे वटारून बघत होती. धाकटा आजोबाच्या मांडीवर हसत होता. मला बघितल्याबरोबर आबांनी त्याला छातीशी ओढलं.

"लेकरं द्यायचा न्हाय म्या," ते म्हणाले.

"द्या म्हणतंय कोण, आबा?"

"समद्या गावाला ठाव हाय."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. म्हणाले, "पोरगी शाळेत जात नाही, एवढंच मी बोलले. तुम्हाला एकट्याला जड जातंय, हेही बोलले. ते खोटं आहे का?"

त्यांनी धाकट्याला मांडीवर नीट बसवलं. मग म्हणाले, "पोरगं माझंच हाय ना बाई. त्यानं टाकली. म्हणून निस्तरायची बी मलाच. दुसऱ्याच्या दारात टाकली तर त्याच्यात न माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

अंगणवाडीताईंनी पदरानं तोंड पुसलं. मी म्हणाले, "आबा, असं लपून किती दिवस बसणार? जिल्ह्याला एक समिती आहे, बाल कल्याण समिती. लेकरानं कुठं राहायचं हे शेवटी ती ठरवते. आपणच जाऊ. तुम्ही आत्ता माझ्यापुढं बोललात ते त्यांच्यापुढं बोला. मी तुमच्या बाजूला बसते."

"उस्मानाबादला?" आबा अजून धाराशिवला उस्मानाबादच म्हणतात. "तिथं ठिवून घेतली तर?"

खोटं सांगणं बरोबर नव्हतं. मी म्हणाले, "ठेवून घेतील असं मला वाटत नाही. पण तसं झालंच, तर मीही परत जाणार नाही. तिथंच भांडत बसेन." हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू आलं. तेवढ्यात माकडानं बिस्किटाचा पुडा पळवला आणि पोरीनं असा सूर काढला, की बोलणं तिथंच थांबलं.

ती रात्र लेकीच्या खोलीत सगळ्यांनी दाटीवाटीनं काढली आणि सकाळी आम्ही धाराशिवला गेलो. मला वाटलं होतं, कोर्टासारखं काही असेल. साधी खोली होती. एक लांब टेबल, भिंतीवर लेकरांनी काढलेली चित्रं, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली. समितीच्या अध्यक्षबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आबांना खुर्ची दिली. आबा खाली बसायला लागले होते, त्यांना हाताला धरून वर बसवलं.

त्यांनी बरंच विचारलं. लेकराला रात्री ताप आला तर काय करता? पोरीला अंघोळ कोण घालतं? तुम्ही रानात असता तेव्हा चूल पेटलेली असते का? आबा एकेक उत्तर देत गेले. चूल विझवून पाणी मारूनच ते बाहेर पडायचे. पोरगी आता मोठी झाली म्हणून अंघोळीला शेजारणीकडं पाठवायचे. मला यातलं बरंचसं माहीतच नव्हतं.

मग त्यांनी पोरीला जवळ बोलावलं. ती भावाला घेऊनच गेली. "तुला काय पाहिजे बाळा?" त्यांनी विचारलं.

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "शाळंत जायचंय. पर ह्याला वर्गात बसू द्या."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "सरपंच, शाळेच्या वेळात या लेकराला कोण सांभाळणार? गाव काय करणार आहे, ते सांगा."

मी काही ठरवून गेले नव्हते. अंगणवाडी तीन वर्षांवरच्या लेकरांना बसवते, हा दीड वर्षाचा. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "माझ्या घरी राहील."

लेकरं आबांजवळच राहतील असं त्यांनी ठरवलं. गावच्या समितीनं दर महिन्याला बघून कळवायचं, आणि जिल्ह्याचं माणूस अधूनमधून येऊन पाहील. आबा खोलीबाहेर आले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. मला म्हणाले, "चहा पाज सूनबाई." सरपंचबाईची सूनबाई मी त्या दारात झाले.

आता घरी सांगायचं होतं. मी दिवसभर पंचायतीत, नवरा कामावर. म्हणजे लेकरू सांभाळणार होत्या माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आणि त्यांना याचा पत्ताच नव्हता. मी जेवण वाढता वाढता सांगितलं.

आत्याबाईंनी घास तसाच हातात धरला. "म्हंजी सरपंच तू, आन् लेकरू माझ्या मांडीवर?"

"शाळा सुटेपर्यंतच, आत्याबाई."

"मला न्हाय व्हायचं. माझं गुडघं बघ. म्या माझी चार वाढवली, तुझी दोन वाढवली. आता न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी त्याला घेऊन दारात आली, तेव्हा साडीची झोळी बांधून तयार होती. आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आजच्या दिवस बघते."

पोरगी लगेच गेली नाही. तिनं आत्याबाईंना सगळं समजावून सांगितलं. तो पाणी मागताना काय म्हणतो, झोपताना कानाची पाळी धरतो, त्याला कुत्र्याचं भ्या वाटतं. आत्याबाईंनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "झालं का बाई? जा आता. मलाबी थोडं येतंय."

पहिले काही दिवस प्रत्येक सुट्टीला ती धावत यायची, झोळीत डोकवायची आणि तशीच पळत परत जायची. आत्याबाई चिडायच्या. "म्या काय खाऊन टाकते व्हय त्याला?" पण सुट्टीची वेळ झाली की पाण्याचा तांब्या आणि शेंगदाण्याची चटणी लावलेली चतकोर भाकरी दाराजवळ तयार असायची.

जिल्ह्याच्या अधिकारी मॅडम पहिल्यांदा पाहणीला आल्या, तेव्हा मी पंचायतीत होते. धावत घरी आले. मॅडम अंगणात चप्पल हातात घेऊन उभ्या होत्या आणि आत्याबाई ओठावर बोट ठेवून त्यांना सांगत होत्या, "आत्ता निजलंय. उठलं की या." मॅडम खरंच पारावर जाऊन बसल्या.

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. मधली सुट्टी झाली आणि पोरगी आलीच नाही. आत्याबाईंनी दोनदा दारात जाऊन बघितलं. मग गुडघे धरत उठल्या, लेकराला कडेवर घेतलं आणि शाळेकडं निघाल्या. मीही मागं गेले. पोरगी मैदानात लंगडी खेळत होती. वेणी सुटलेली, तोंड लाल झालेलं, मैत्रिणीला बाद केलं म्हणून ओरडत होती. तिचं आमच्याकडं लक्षच नव्हतं.

आत्याबाई कुंपणाजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्या हाक मारतील असं मला वाटलं. त्या वळल्या आणि घराकडं चालायला लागल्या. वाटेत म्हणाल्या, "इसरली बघ आपल्याला." आवाज जरासा दुखावलेला होता, आणि चेहरा हसत होता. मी लेकराला घ्यायला हात पुढं केले, तर त्यांनी दिलं नाही.

आता माझी मुदत संपून गेली. दुसऱ्या एक बाई सरपंच आहेत आणि पंगतीत बसायला त्याही जातात. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांचा पोरगा मधे एकदा येऊन गेला, लेकरांसाठी कपडे आणले आणि आबांशी फार न बोलता परत गेला. मोठी पाचवीत आहे. धाकटा अंगणवाडीत जातो. सुटल्यावर तो आबांच्या घरी जायच्या आधी आमच्या घरात शिरतो, आत्याबाईंच्या खाटेवर चढतो आणि सकाळपासून काय काय झालं ते सांगतो. आत्याबाईंना आता कमी ऐकू येतं. त्या त्याचं तोंड आपल्या कानाशी ओढून घेतात आणि म्हणतात, "जरा मोठ्यानं बोल की."