गोरखचा बिबट्या आणि सुलक्षणाची शिडी

वरवे बुद्रुकच्या गोरखचा बिबट्या दर साली वाढत होता. आधी तो कुत्र्याएवढा होता, मग वासराएवढा झाला आणि हल्ली तर गोठ्याच्या दारात मावेनासा झाला होता. कोयता उगारून आपण एकट्यानं त्याला कसा पिटाळला, हे गोरख टपरीवर, लग्नाच्या मांडवात, अगदी मयताला गेला तरी सांगायचा. गोष्टीत कोयता निघाला की त्याची बायको सुलक्षणा उठून चालू लागायची. पुढचं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. पाल दिसली तर मोरीतून बाहेर पळणारा हा गडी. याचं काय ऐकायचं?

तिला खरं ठाऊक होतं. डोळे मिटले की दिसायचं: गोठ्यात शेरडं ओरडतायत, हा बहाद्दर माळ्यावर चढून बसलाय आणि शिडीसुद्धा वर ओढून घेतलीय. बिबट्या पळाला तो भोरहून भाजी न्यायला आलेल्या नूरुद्दीनच्या टेम्पोच्या हॉर्नला. नवरा थापा मारतो याचं तिला काही नव्हतं. पण तो आपल्याच थापेला भुलला होता, आणि असल्या माणसाची तिला किळस येई. या घरात निदान आपण तरी खरं धरून आहोत, एवढ्या एका गोष्टीवर ती ताठ मानेनं जगत आली होती.

यंदा यात्रेत गोरखचा शाल-नारळ देऊन सत्कार ठरला, तेव्हा तिनं कंबर कसली. चारचौघांत याला उघडा पाडायचाच. साक्षीला नूरुद्दीन हवा, म्हणून तिनं सकाळीच त्याला टेम्पोपाशी गाठलं.

"नूरभाऊ, ह्यांनी शिडी वर वढून घेतली, ती आपण दोघांनी बघितली. आज सांगायचं समद्यांस्नी."

नूरुद्दीन बावचळला. "वैनी, तुमी कुठं व्हता हितं? नूतनच्या येळंला तुमी बाळंतपणाला माहेरी, गुंजवण्याला व्हता की. बारशाला म्या सगळ्यांस्नी टेम्पोतनं तिकडं नेलं, तवा सांगितलं तुमाला."

"आन शिडी?"

"ती म्या जोडली, हसायला म्हणून. गोरख दारातच उभा व्हता कोयता घिऊन. पुढंबी जाईना, मागंबी येईना. हॉर्न माझाच, पर माळ्यावर कुनी न्हवतं."

सुलक्षणानं तिथंच डोळे मिटून बघितलं. शिडी दिसलीच. तिचा मोडका दांडासुद्धा दिसला. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी शाल पांघरून गोरख माईकपुढं उभा राहिला. कोयता निघाला, पण आज ती उठली नाही.

"नूतनच्या आईनं दारात माझा हात धरला," गोरख म्हणाला. "जाऊ नका म्हणाली. म्या हात सोडवला आन गेलो."

बायकांनी कौतुकानं तिच्याकडं माना वळवल्या. शेजारच्या सखूबाईनं विचारलं, "व्हय गं?"

एकाच माळेचे मणी आपण, सुलक्षणा मनाशी म्हणाली.

"व्हय," ती सखूबाईला म्हणाली, आणि म्हणताना गोरखचं मनगट तिला हातात जाणवलं.