हिरामावशीची बादली

खांदा निखळला की हिरामावशी डॉक्टरकडे जात नसे, बादली मागत असे. वेसाव्याहून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती आमच्या अंधेरीच्या कॉलनीत दारोदार फिरायची. पाटी उतरवताना कधीकधी उजवा खांदा सटकायचा. मग ती जिन्याजवळच्या कट्ट्यावर पालथी पडायची, हात खाली सोडायची आणि माझ्या बायकोला म्हणायची, "पानी भरून बादली बांद गो मनगटाला." थोड्या वेळाने खांदा आपोआप जागेवर बसायचा. तोवर कुणी घासाघीस केली, तर ती पडल्यापडल्या ओरडायची, "खांदा उतरलाय, पापलेटचा भाव नाय!"

मी कचेरीत फायली हाताळणारा, शिकलेला माणूस. मला हे बघवेना. कॉलनीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या सुमारास मी हट्टाने तिला इस्पितळात नेलं. डॉक्टर तिला बाहेर बसवून माझ्याशीच बोलले. ऑपरेशन नको असेल तर व्यायाम, आणि कित्येक महिने डोक्यावर ओझं नाही. तरी खांदा पुन्हा निखळू शकतो. ऑपरेशन केलं तर बहुधा निखळणार नाही, पण हात पूर्वीसारखा वर जाणार नाही. "तिला नीट समजावून सांगा," ते म्हणाले.

"काय बोलला तो?" मावशीने विचारलं.

"ऑपरेशन केलं की खांदा परत निघणार नाही."

"हात चालंल ना माजा? पाटी मलाच उचलायला लागते, घरात दुसरा मानूस नाय."

"चालेल की!"

ती घाबरून पळेल म्हणून मी बाकीचं सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. खरं म्हणजे मला माझा शहाणपणा सिद्ध करायचा होता.

खांदा पुन्हा कधी निखळला नाही. हात मात्र कानापर्यंतही जाईना. पाटी डोक्यावर चढवायला ती रस्त्यात कुणाची तरी वाट बघत उभी राहायची. मासळी नरम पडायची, गिऱ्हाईकं नाक मुरडायची. वर्षभरात तिची फेरी बंद पडली आणि ती दुसऱ्यांची कोळंबी सोलायला बसू लागली.

शेवटचे आम्ही दोघं तिच्या घरी गेलो, तेव्हा ती डाव्या हाताने केसांत वेणी माळायची खटपट करत होती. माझ्या बायकोने ती माळून दिली.

"डाक्टरला म्हायत नसंल, नाय रं?" मावशी म्हणाली. "नायतर बोलला असता तो."

बायको माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं.

"नसेल माहीत," मी म्हणालो.

निघताना मावशीने सोड्यांची, म्हणजे सोलून वाळवलेल्या कोळंबीची, पुडी माझ्यापुढे धरली. "घे. येवरा धावलास माज्यासाठी."

मी ती घेतली.