कंडक्टर बाजूचं मडगार्ड

टन्न!

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. उस्तादांनी ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर बोटाचं हाड आपटलं आणि पत्रा देवळातल्या घंटीसारखा वाजला. "पत्रा नीट बसला की गातो," ते म्हणाले, "आणि वर पुट्टी थापून झाकला की खोकतो." माझं कामही ते असंच वाजवून बघायचे. खराब असलं की अर्धा तास शिव्या. चांगलं असलं की एक शब्द न बोलता निघून जायचे. त्या न बोलण्यासाठी मी सारा जन्म हातोडी चालवली.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे ऐकाल त्यात माझी पार शोभा आहे. आता आमच्या मध्य प्रदेशातल्या या बालाघाटात केस पिकेपर्यंत गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या माणसानं असा घोळ घालावा का? नाही घालावा. पण घातला! चहा घ्या, सांगतो. मी हळू बोलतो, तेव्हा चहा थंड झाला तर मला बोलू नका.

आमच्या गल्लीच्या टोकाला बाबूजी राहायचे. तहसील कचेरीत मोठे बाबू होते. त्यांची पांढरी ॲम्बेसेडर मीच सांभाळली. बाबूजी गेले, गाडी अंगणात ताडपत्रीखाली राहिली. यंदा त्यांच्या रेवतीचं लग्न ठरलं. लग्नाला आठ दिवस असताना तिच्या भावानं, निखिलनं, गाडी बाहेर काढली आणि फाटकाच्या खांबाला अशी घासली, की ड्रायव्हर बाजूचं मडगार्ड दिव्यापासून दारापर्यंत फाटलं. पुढच्या चाकावरचा तो गोल पत्रा, माहीत आहे ना? पार पापडासारखा झाला.

रेवती माझ्या दुकानात आली. लहानपणी बाबूजींबरोबर यायची तशीच स्टुलावर बसली.

"काका, मले बाबांच्याच गाडीत जायचं हाय. होईल न?"

"होईल, बाई."

"काका, इमोशनल मत होइए," मागून निखिल म्हणाला. "सोमवारी लग्न आहे. रविवारी शामपर्यंत झाली तर ठीक, नाही तर भंगारवाल्याशी बात हो गई है. मी किराये की बडी गाडी बघून ठेवली."

झालं. आता माझ्या 'होईल'वर एका गाडीचा जीव आणि एका पोरीचं मन. आणि खरं सांगू? ते मडगार्ड ठोकून सरळ होईल असं मला वाटत नव्हतं. हात आता थोडे थरथरतात. मी मनातल्या मनात ठरवलं, बदलून टाकू. पण जुन्या गाडीचं मडगार्ड आता मिळतं कुठं?

मिळालं! गिऱ्हाइकांपैकी एकानं सांगितलं, लांजीच्या पुढं एका गावात कौतिकाबाईच्या अंगणात बकऱ्या मडगार्डात पाणी पितात.

मंगळवारी फाटकं मडगार्ड काढून बसच्या टपावर टाकलं, जुळवून बघायला, आणि निघालो. कंडक्टर म्हणाला, "काकाजी, बाकीची गाडी मागून येऊन राह्यली का?"

कौतिकाबाई माझ्याच वयाची. नऊवारी, हातात काठी, आणि तोंड असं, की त्याला दार नाही आणि कडीही नाही.

"कोण जी तुम्ही? बकऱ्या विकत घेणारे असान तर चालते व्हा."

"मले बकरी नको. बकरीचं भांडं पाह्यजे."

अंगणात ते मडगार्ड उताणं पडलेलं होतं, पोटात पाणी भरलेलं. दिव्याच्या भोकाला पत्र्याचं झाकण ठोकलेलं. मी माझं फाटकं मडगार्ड त्याच्या शेजारी पालथं ठेवलं. दिव्याची बाजू पुढं, दाराची बाजू मागं. दोघांचेही गाल एकाच अंगाला फुगलेले. अगदी जोडी! मला तर नाचावंसं वाटलं.

इथं थांबा आणि नीट लक्ष द्या. एक उताणं, एक पालथं. आम्ही गॅरेजवाले जन्मात कधी उजवं-डावं म्हणत नाही. उजव्याला ड्रायव्हर बाजू आणि डाव्याला कंडक्टर बाजू म्हणतो. आता बकऱ्यांच्या अंगणात कुठला ड्रायव्हर आणि कुठला कंडक्टर? जोडी होती हे खरं. पण जोडी तर चपलांचीही असते!

कळलं तुम्हाला? मला नाही कळलं.

"माह्या बकऱ्या पाणी कायच्यात पितील?" कौतिकाबाईनं काठी आपटली.

"हे घ्या न. हे फाटकं देतो, भांडं करून देतो."

पिशवीतून हातोडी काढली आणि बसलो तिच्या अंगणात. तिच्या मडगार्डाचं झाकण काढून माझ्याच्या दिव्याच्या भोकाला ठोकलं, फाटलेल्या कडा एकमेकींत मुडपल्या, वर डांबर दिलं. पोचा आला होता तो आणखी खोल केला, म्हणजे पाणी जास्त मावेल. पिल्लांना लागू नये म्हणून काठ गोल केला. इतक्या मायेनं मी कधी कुण्या मंत्र्याची गाडी केली नसेल. पाणी भरलं, एक थेंब गळला नाही.

"हात चांगला हाय तुमचा," ती म्हणाली. बस, मी फुगलो.

परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर. मडगार्डाकडे बघून म्हणाला, "काकाजी, माह्या भावाची अशीच टॅक्सी होती. हे त कंडक्टर बाजूचं दिसते."

"तू तिकिटं फाड बावा," मी म्हणालो. "ज्याचं काम त्यानं करावं."

आठवलं की अजून कान गरम होतात.

बुधवार, गुरुवार मी त्या मडगार्डाला न्हाऊमाखू घातलं. गंज काढला, कड सरळ केली, बाहेरून अस्तराचा लाल रंग दिला. बोटानं वाजवलं. टन्न! शुक्रवारी सकाळी हातगाडीवर घालून बाबूजींच्या अंगणात नेलं. रेवती, निखिल, शेजारचे चारजण, सगळे जमले. मी मोठ्या थाटात मडगार्ड उचललं आणि ड्रायव्हर बाजूला लावलं.

बसेना.

फिरवलं. आता गाल बरोबर बाहेर आला, पण दिव्याचं भोक मागच्या सीटकडं!

"काकाजी," निखिल हळूच म्हणाला, "हेडलाइट तो पीछे देख रही है."

मी गाडीकडं पाहिलं. पलीकडच्या, कंडक्टर बाजूला अगदी असंच मडगार्ड आधीच लागलेलं होतं. माझ्या हातात त्याचा जुळा भाऊ. आणि ज्याची गरज होती ते कुठं होतं? लांजीच्या पुढं. बकऱ्या त्यात पाणी पीत होत्या. आणि त्याला पाणी जास्त मावावं म्हणून खोल कोणी केलं होतं? मीच!

निखिलनं खिशातून फोन काढला. "मी भंगारवाल्याले बोलावतो."

"रविवार म्हणाला होतास," मी म्हणालो. "आज शुक्रवार आहे."

रेवतीनं नुसता भावाच्या हातातला फोन काढून घेतला आणि आपल्या ओढणीखाली धरला.

मी तडक बस गाठली. टपावर मडगार्ड. कंडक्टरनं वर पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि देवमाणूस, नुसतं तिकीट फाडलं.

कौतिकाबाईच्या अंगणात गेलो तर माझ्या भांड्याला हळदकुंकू लावलेलं!

"हे काय जी?"

"तुम्ही गेले न, त्याच सांजेले माही राणी बकरी व्याली. दोन पाटी, दोन्ही माद्या! पायगुणाचं भांडं हाय हे. दिवा लावून राह्यली मी त्याले." मग तिची नजर माझ्या काखेतल्या लाल मडगार्डावर गेली. "हे काहून वापस आणलं?"

सांगावं लागलं. सगळं सांगितलं. ती काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. आणि मग हसायला लागली. खाटेवर बसून हसली, उठून हसली, शेजारणीला हाक मारून मला पुन्हा सांगायला लावलं आणि पुन्हा हसली. बकऱ्यासुद्धा माझ्याकडं बघायला लागल्या.

"उजवं-डावं समजत नाही आन् मिस्त्री म्हणवते बाप्पा! जेवता कोणत्या हातानं, ते तरी ठाऊक हाय का?"

"हाय जी."

"मंग दाखवा."

दाखवला. करणार काय!

"पण भांडं भेटणार नाही," ती म्हणाली. "लक्ष्मीच्या पायानं आलेली वस्तू मी कोणाले देत नसते."

मी खाली बसलो. मला वाद घालता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "पोरगी बिनबापाची हाय, बाई. बापाच्या गाडीत बसून सासरी जाईन म्हणते. दुसरं काही मागत नाही."

कौतिकाबाईचं हसू थांबलं. तिनं वाकून भांड्यातलं पाणी तुळशीला घातलं. पदरानं आतला चिखल पुसला.

"न्या," ती म्हणाली.

मग तिनं राणीच्या गळ्यातल्या जुन्या दाव्याचा एक लाल तुकडा कापला आणि माझ्या उजव्या मनगटाला गच्च बांधला. "हा उजवा. ड्रायव्हरचा. लग्न होईलोक सोडायचा नाही. आन् मी येऊन पाह्यणार हाय, माह्या भांड्याचं काय केलं ते!"

शनिवार-रविवार मी जे केलं ते पुन्हा होणार नाही. जे मी खोल केलं होतं ते उथळ करायचं होतं. जे मुडपलं होतं ते उलगडायचं होतं. आपलंच चांगलं काम मोडणं फार अवघड असतं हो! डांबर जाळलं तर सारी गल्ली नाक धरून पळाली. फाट गॅसनं शिवली. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी. एक एक ठोका. हात थरथरत होते म्हणून मी दोन थरथरींच्या मधली वेळ साधून ठोका घालायला शिकलो. या वयात! पुट्टीचा डबा शेजारीच होता. निखिल आला आणि म्हणाला, "काका, लगा दो ना, कौन देखता है?"

"वाजवणारा पाहतो," मी म्हणालो.

रविवारी ऊन उतरायच्या आत मडगार्ड जाग्यावर बसलं. चार बोल्ट, चारही सरळ गेले. दिवा पुढं. अगदी पुढं! वर पांढरा रंग चढला. रेवतीनं त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबांची गाडी आता बाबांच्यासारखी दिसते." निखिलनं फोन लावला, आणि भंगारवाल्याला म्हणाला, "नहीं भैया, कैन्सल." मला डोळ्यात रंगाचे कण गेल्यासारखं झालं.

सोमवारी मांडवात गाडी झेंडूच्या माळांनी नटून उभी. काय तो मान माझा! नवरदेवाच्या मामानं गाडीभोवती फेरी मारली, कंडक्टर बाजूच्या मडगार्डावर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाला, "देखा? इसको कहते हैं हाथ का काम! पता ही नहीं चलता!" ज्या मडगार्डाला मी बोटही लावलं नव्हतं, त्याची ही तारीफ! मी गप्प हात जोडले. कळत नाही, हीच तर माझी जीत होती.

आणि रेवती गाडीत बसायच्या थोडं आधी कौतिकाबाई आली. नवं लुगडं, हातात तीच काठी. कोणाला न विचारता सरळ ड्रायव्हर बाजूला गेली. आपलं भांडं तिनं बरोबर ओळखलं. हात फिरवला. जिथं फाटलं होतं तिथं, अगदी तिथंच, बोटाचं हाड आपटलं.

टन्न!

मला वाटलं, उस्तादच उभे आहेत. मी तिच्यासमोर गेलो आणि सगळ्या मांडवाला दिसेल असा, लाल दावं बांधलेला हात ऐटीत वर केला. बघा, अजून सोडलेलं नाही!

खरं म्हणजे रंग देताना एकदा सोडलं होतं. रंगाचे डाग पडू नयेत म्हणून. मग पुन्हा बांधलं. आता एकट्या माणसानं स्वतःच्या मनगटाला दावं बांधायचं तर गाठ मारणार कोणत्या हातानं? उजव्याच ना?

मी वर केला होता तो डावा हात.

कौतिकाबाईनं हाताकडं पाहिलं. मडगार्डाकडं पाहिलं. पुन्हा हाताकडं पाहिलं. तिचं तोंड उघडलं, आणि मी मान खाली घालून वाट बघत उभा राहिलो.

तिनं तोंड मिटलं, पदर सावरला, आणि एक शब्द न बोलता निघून गेली.